जुनी मोटारसायकल ओढत नसेल, तर आधी चाक फिरवून पाहा

नव्याने घेतलेली जुनी मोटारसायकल ओढत नसेल, तर इंजिन खोलण्याचा खर्च करण्याआधी ब्रेक अडकत नाही ना, हे पाहावे.

1. गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये लावून मागचे चाक हाताने फिरवावे. मग ब्रेक दाबून सोडावा आणि पुन्हा फिरवावे. आता चाक जड झाले, तर ब्रेक पूर्ण सुटत नाही. पुढचे चाकही उचलून असेच तपासावे.

2. चाके मोकळी असतील, तरच इंजिनाकडे वळावे. नाशिकच्या थंडीत सकाळी दिसणारा आणि लगेच विरणारा पांढरा धूर बहुधा वाफच असतो. मात्र इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला, तर ऑइल जळत आहे.

ब्रेक अडकत असल्यास दुरुस्तीपूर्वी कसारा घाट मुळीच उतरू नये.