जुनी लक्झरी एसयूव्ही बघायला जाताना: आधी इंजिन थंड आहे का बघा

येत्या शनिवारी सकाळी आम्ही परत एक जुनी एसयूव्ही बघायला जातोय, म्हणून ही यादी लिहून काढतेय. मागच्या वेळी यादी डोक्यात होती, कागदावर नव्हती, त्यातली एक गोष्ट राहून गेली आणि तिचे साडेतीन लाख मोजले. टायर, पत्रा, सनरूफ, सीटचं लेदर हे कोणीही बघतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला फक्त इंजिनबद्दल बोलायचंय, कारण साठ-सत्तर लाखांची गाडी आठ-नऊ वर्षांनी पंधरा-अठरा लाखांत मिळते खरी, पण तिच्या पार्ट्सची किंमत साठ-सत्तर लाखांच्या गाडीचीच राहते, ती एक रुपयाही उतरत नाही.

घरून निघायच्या आधी गाडीत नक्की कोणतं इंजिन आहे ते शोधा. नुसत्या मॉडेलच्या नावाने काही कळत नाही, एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. बीएमडब्ल्यूचं २००७ पासूनचं दोन लिटर डिझेल, एन४७, हे टायमिंग चेनसाठी (इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी) बदनाम आहे. ती चेन इंजिनच्या मागे गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलीय, म्हणजे तिथे हात पोचायलाच गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. २०१४ पासून त्याच्या जागी बी४७ आलं, चेन मागेच राहिली पण इंजिन बरंच सुधारलेलं आहे, त्यामुळे गाडी कोणत्या वर्षाची यापेक्षा इंजिन कोणतं हे विचारा. ऑडी क्यू७ च्या तीन लिटर टीडीआयची चेनही मागेच. मर्सिडीजचं तीन लिटर व्ही६ डिझेल ओएम६४२, जे एमएल आणि जीएलएसमध्ये यायचं, तसं दणकट आहे, पण त्याचा ऑइल कूलर दोन्ही बाजूच्या सिलिंडरांच्या मधल्या खाचेत आहे आणि त्याची सील वयाने कडक होऊन ऑइल गळायला लागतं. सील किरकोळ किमतीचं, मजुरी मात्र वरचं सगळं खोलायची. लँड रोव्हरच्या जुन्या टीडीव्ही६ डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) तुटल्याच्या तक्रारी जगभरातून आहेत, आणि २०१५ नंतरच्या दोन लिटर इंजिनियम डिझेलमध्ये चेन सैल पडण्याच्या. व्होल्वोच्या दोन लिटर डिझेलला चेन नाही, बेल्ट आहे, तो बदलल्याची पावती मागा, पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. पेट्रोल घेत असाल तर ऑडीच्या सुरुवातीच्या २.० टीएफएसआयला ऑइल प्यायची सवय आहे हे माहीत असू दे.

आता फोन. फोनवर किंमत, रंग, कितवा ओनर हे सगळं विचाराल, विचारा. पण एक वाक्य ठणकावून सांगा: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. धुवायची नाही, जागेवरून हलवायची नाही, एसी लावून ठेवायचा नाही.

मी हे सांगितलं नव्हतं. मे महिना होता, सकाळी अकराला आम्ही पोचलो, आणि तो माणूस हसून म्हणाला, "मॅडम, ऊन फार आहे ना, म्हणून एसी लावून ठेवलाय." गाडी सावलीत उभी, आत मस्त गार, इंजिनचा आवाज मांजर गुरगुरावं तसा. मला बरं वाटलं, मी थँक्यू म्हणाले आणि बसले. वीस मिनिटं चालवली, कुठे काही नाही. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी बेसमेंट पार्किंगमध्ये स्टार्टर मारला आणि पत्र्याच्या डब्यात साखळी ओढावी तसा खर्रर्र आवाज आला, दोन-तीन सेकंद, मग गुडुप. नवरा म्हणाला डिझेल आहे, थंडीत करतंच. मे महिन्यात कसली थंडी? अडीच महिन्यांनी मेकॅनिकने ऑइल सम्प, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, उतरवला आणि त्यात सापडलेले चेन गाईडचे (चेन जिच्यावरून सरकते त्या पट्टीचे) तुकडे माझ्या तळहातावर ठेवले, तपकिरी प्लास्टिक, नखाएवढे, एकाच्या कडेवर चेनने घासून पाडलेली खाच स्पष्ट दिसत होती. तो आवाज पहिल्याच दिवशी सकाळी ऐकला असता तर मी गाडी घेतलीच नसती.

कारण साधं आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, सकाळी प्रेशर तयार व्हायला एक-दोन सेकंद लागतात, तेवढ्यात सैल चेन फटके मारते. इंजिन नुकतंच चालून बंद झालेलं असेल तर ऑइल जागेवरच असतं आणि आवाज सहसा येत नाही. म्हणजे चेनचा पुरावा बहुतेक वेळा दिवसातून एकदाच, पहिल्या स्टार्टला मिळतो, आणि तो समोरच्याने आधीच उडवून टाकलेला असतो.

तर पोचल्या पोचल्या हात मिळवायच्या आधी बॉनेट उघडायला लावा. नुसता वरून हात ठेवू नका, उन्हात पत्रा असाही तापतो. रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. कोमट लागली तर खोटं बोलू नका स्वतःशी, इंजिन गरम आहे. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) असेल तर इग्निशन ऑन करून, इंजिन सुरू न करता, कूलंटचं तापमान बघा, ते बाहेरच्या हवेएवढंच पाहिजे. सत्तर-ऐंशी दाखवत असेल तर चहा घ्या, नमस्कार करा आणि उद्या सकाळी येतो म्हणून निघा. खरंच निघा. "आत्ताच पार्किंगमधून काढली हो" हे ऐकून थांबू नका, मी तेव्हा विचारलं असतं तर तेच ऐकलं असतं.

इंजिन थंड असतानाच कूलंटचं झाकण उघडता येतं, हेही त्यातच आलं, गरम असताना उघडलं तर अंगावर उडतं. आत तांबूस गढूळ पाणी किंवा तेलाचा तवंग दिसला की विषय संपला. मग एकाने सायलेन्सरच्या मागे उभं राहायचं, एकाने मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून बॉनेटजवळ, आणि तिसऱ्याने स्टार्ट करायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट नाहीतर इंजेक्टर. रेकॉर्डिंग घरी येऊन हेडफोन लावून परत ऐका, तिथे उभं असताना माणूस बोलत असतो, बोलणं मुद्दाम चालू ठेवतात असं नाही पण कान तिकडे जातो.

त्यानंतर चालवणं. सोसायटीच्या चार चकरा नकोत, निदान चाळीस मिनिटं आणि त्यात चढ पाहिजे, आम्ही पुण्यात कात्रजच्या जुन्या घाटात नेणार आहोत. चढावर पूर्ण दाबल्यावर टर्बो शिट्टी मारतोय का, गाडी मध्येच दम सोडतेय का ते बघा, आणि उतारावर पाय काढून खाली आल्यावर परत दाबाल तेव्हा आरशात निळा धूर बघा. मग एसी लावून सिग्नलला उभी करा. बऱ्याच जर्मन गाड्यांचा तापमानाचा काटा थोडंफार वरखाली झालं तरी मध्येच चिकटून राहील असाच बनवलेला असतो, म्हणून खरा आकडा स्कॅनरवर बघा. बीएमडब्ल्यूसारख्या काही गाड्यांना डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसते, ऑइल लेव्हल स्क्रीनवर आणि गरम इंजिनवरच कळते, म्हणून तो चेक शेवटी. आधी थंड, मग गरम. उलटा क्रम केलात तर थंडची तपासणी त्या दिवसापुरती गेली.

स्कॅनरवर एरर कोड नाहीत यावर खुश होऊ नका. कोड पुसून किती किलोमीटर झाले हे बऱ्याच गाड्या दाखवतात, तो आकडा बारा-पंधरा किलोमीटर असेल तर कोणीतरी काल रात्रीच पुसलेत. डिझेल असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, किती भरलाय तेही काढून घ्या, आणि हे स्वस्तातल्या छोट्या प्लगवाल्या स्कॅनरने जमत नाही, त्याच ब्रँडची कामं करणाऱ्या बाहेरच्या गॅरेजमध्ये न्या आणि लिफ्टवर चढवा. इंजिन बे चकाचक धुतलेला असेल तर ऑइल कुठून गळतंय ते कळणारच नाही, म्हणूनच धुवू नका सांगायचं.

सर्व्हिस हिस्ट्रीत शेवटची सर्व्हिस बघू नका, दोन ऑइल चेंजमधलं अंतर बघा. कंपनी १५,००० किमी किंवा एक वर्ष म्हणत असेल आणि मध्येच २८,००० चा खड्डा असेल तर चेन, टर्बो, बेअरिंग सगळ्यांनी ते सोसलेलं असतं. नऊ वर्षांत ३०,००० चाललेली डिझेल मला नको, मुलांना शाळेत सोडून परत अशा फेऱ्यांत डीपीएफ साफ होत नाही आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. त्यापेक्षा मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर ९०,००० झालेली, वेळेवर ऑइल बदललेली बरी.

दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी: तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली होती म्हणून त्या इकडे यायला लागल्या, एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा. पुराची गाडी: जुलै २०२१ मध्ये चिपळूणला शेकडो गाड्या पाण्याखाली होत्या, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग बघा, इंजिनने पाणी ओढलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ते वरून दिसत नाही. कर्जाचा बोजा, इन्शुरन्स, दोन्ही चाव्या, नेहमीचंच.

वॉरंटी देत असतील तर टायमिंग चेन आत आहे का ते वाचा. तीन-चार लाख बाजूला ठेवून मगच किंमत बोला. टोकन त्याच दिवशी देऊ नका.

आमचं शनिवारी सकाळी साडेसातला ठरलंय. शुक्रवारी रात्री मी परत फोन करणार आहे, गाडीला हात लावू नका म्हणून, आणि तिथे गेल्यावर आधी वॉचमनकाकांना विचारणार आहे की ही सकाळी कोणी सुरू केली होती का.