पुण्याच्या पेठा पायी बघायच्या तर मंडईकडून निघा

पेठांची फेरी बहुतेक जण शनिवारवाड्यापासून सुरू करतात आणि तिथेच हिरमुसतात. उलटं चाला: मंडईकडून कसब्याकडे. अंतर फार नाही, पण पाच-सहा तास हाताशी ठेवा. गाडी नकोच. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता दोन्ही एकेरी, त्यामुळे एक वळण चुकलं की भलामोठा वळसा पडतो. मेट्रोने मंडई स्थानकावर उतरा आणि परतताना कसबा पेठ स्थानक धरा. गणेशोत्सवात ही फेरी जमणार नाही. मंगळवारी आणि संकष्टीला दगडूशेठपाशी गर्दी असते, ते दिवसही टाळा.

नऊच्या सुमारास महात्मा फुले मंडईत शिरा. ही दगडी अष्टकोनी वास्तू १८८६ची. तिच्यावरच्या खर्चाला जोतीरावांनी नगरपालिकेत विरोध केला होता. पुढे तिला नाव त्यांचंच मिळालं. तिथून तुळशीबाग. दुकानं पुरती उघडण्याआधी राममंदिर बघून घ्या, मग श्रीकृष्ण भुवनात मिसळ. तिखट सोसत नसेल तर सँपल (मिसळीचा रस्सा) वेगळ्या वाटीत मागा. खरेदी एकच्या आत उरका, कारण पेठांतली बरीच जुनी दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. घासाघीस पथारीवाल्यांकडे चालते, तांब्या-पितळेच्या दुकानात भाव वजनावर.

बाजीराव रस्त्यावर आलात की विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८०७चा. दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब नीट बघा. शनिवारवाड्याच्या आधी हा वाडा बघायचा तो याचसाठी. १७३०मध्ये पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्याचे आतले महाल १८२८च्या आगीत गेले. उरले तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांचे हौद. विश्रामबागेतलं लाकूडकाम डोळ्यांत असलं की त्या जोत्यांवर काय उभं असेल ते समजतं. दरवाजाचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या धडकेसाठी आहेत, त्यांची उंची बघा. उन्हाळ्यात आत सावली कमी, टोपी आणि पाणी बरोबर असू द्या.

पुढे लाल महाल (आजची इमारत नव्याने बांधलेली आहे), मग ग्रामदैवत कसबा गणपती आणि शेवटी तांबट आळी. जड भांडी शेवटी घेतलेली बरी, दिवसभर वागवावी लागत नाहीत. इथलं मठारकाम नुसतं नक्षीसाठी नसतं: तापवून मऊ पडलेला तांब्याचा पत्रा हातोडीच्या ठोक्यांनी कडक होतो, म्हणून भांडं सहज चेपत नाही. भांडं उजेडात फिरवून बघा. हाताचे ठोके किंचित कमी-जास्त पडतात, साच्यातले अगदी एकसारखे दिसतात. आतून कल्हई आहे का, तेही विचारा. बिनकल्हईच्या तांब्यात पाणी चालतं. ताक, लिंबू सरबत, आमटी ठेवली तर आंबटाने तांबं उतरतं आणि पदार्थ कळकतो. डाग पडले तर चिंच आणि मीठ लावून घासा.