घरची रेडिओ खोली आणि परवडणारा हँडहेल्ड: पैसा कुठे घालावा

हौशी रेडिओसाठी घरात रेडिओ खोली उभारायची म्हटले की बहुतेक जण आधी संच निवडतात आणि अँटेना कुठे लावायचा याचा विचार मागाहून करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचा छोटा संच, वापरतो त्या १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि त्या कुठवर पोहोचणार हे प्रामुख्याने उंचीवर ठरते. सपाट जमिनीवर हातात, म्हणजे दीड मीटर उंचीवर धरलेल्या अँटेनाचे रेडिओ क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असते. तोच अँटेना ९ मीटरवर नेला की ते १२ किलोमीटरच्या पुढे सरकते.

म्हणून खोली निवडताना ती किती मोठी आहे यापेक्षा तिथून छतावर किंवा गच्चीवर जाणारी केबल किती आखूड राहील हे पाहावे. आरजी-५८ ही बारीक केबल स्वस्त मिळते, पण १४५ मेगाहर्ट्झला तिच्या १५ मीटर लांबीत जवळपास निम्मी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, आणि हँडहेल्डच्या दुसऱ्या पट्ट्यात, ४३५ मेगाहर्ट्झला, तर त्याहूनही जास्त. आरजी-२१३ सारखी जाड केबल घ्यावी, बाहेरचा प्रत्येक जोड आपोआप एकजीव होणाऱ्या रबरी टेपने गुंडाळावा आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झुकलेला एक वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकून जाते. हा वळसा नसला की काय होते ते जुना कनेक्टर उघडल्यावर दिसते: तांब्याची जाळी हिरवी-काळी पडलेली असते आणि बोटाने चोळली तर तिचा भुगा होतो.

खांबाला अर्थिंग अवश्य करावे आणि वादळ येण्यापूर्वीच केबल संचातून काढून ठेवावी.

खोलीत भक्कम टेबल, १३.८ व्होल्टचा सप्लाय आणि त्याच्या वायरीत फ्यूज एवढ्यावर सुरुवात होते. हँडहेल्ड स्वतःच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे सप्लाय नंतर घेतला तरी चालेल. पुढे लघुलहरींचा (शॉर्टवेव्ह) १०० वॅटचा संच आणण्याचा विचार असेल, तर प्रक्षेपण करताना तो २० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो हे लक्षात ठेवूनच सप्लाय निवडावा. लघुलहरी ऐकणाऱ्याला घरातल्या खरखरीचा बंदोबस्तही करावा लागतो. बॅटरीवरचा साधा मध्यमलहरी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून घरभर फिरावे. एखाद्या चार्जरजवळ किंवा एलईडी दिव्याखाली नेताच तो गुरगुरू लागला, तर दोषी सापडला.

आता हँडहेल्ड. जाहिरातीत ५ ऐवजी ८ वॅट लिहिलेले असते, पण हा फरक जेमतेम २ डेसिबलचा (शक्तीतला फरक मोजण्याचे माप) आहे आणि समोरच्याच्या कानाला तो क्वचितच जाणवतो. खरा फरक ग्राहकात, म्हणजे संकेत पकडून ऐकवणाऱ्या भागात (रिसीव्हर), असतो. बाओफेंग यूव्ही-५आर सारख्या स्वस्त संचांत जवळजवळ सगळे काम एकच चिप करते, त्यामुळे शिकण्यासाठी ते चांगले असले, तरी जवळपास जोरकस प्रक्षेपक असला किंवा छतावरचा मोठा अँटेना जोडला, की नको असलेल्या संकेतांनी त्यांचा ग्राहक गुदमरतो आणि हवे ते स्टेशन बुडून जाते. छतावरच्या अँटेनालाच संच जोडायचा असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन चांगल्या ग्राहकाचा संच घेणेच शहाणपणाचे आहे. सुटी बॅटरी सहज मिळते का, रिपीटर (संकेत पुढे पाठवणारे केंद्र) उघडणारा सीटीसीएसएस टोन देता येतो का आणि संचावरचा अँटेना लावायचा एसएमए जोड नर आहे की मादी, हेही घेण्यापूर्वी पाहावे. बाओफेंगवर तो नर असतो आणि इतर अनेक संचांवर मादी, त्यामुळे अँटेना मागवताना हमखास चूक होते.

जाड केबल या नाजूक जोडाला थेट लावू नये, कारण तिच्या वजनाने तो सैल होतो. मध्ये हातभर बारीक, लवचीक केबल घालावी. हा तुकडा आखूड असल्याने तिच्यातला तोटा नगण्य राहतो. अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा भार) जोडलेला नसताना प्रक्षेपणाचे बटण दाबू नये. प्रक्षेपणासाठी हौशी रेडिओचा परवाना लागतोच, आणि नुसते ऐकण्याचे नियमही देशोदेशी वेगळे असल्याने ते आधी पाहून घ्यावेत.

सगळे जोडून झाले, की अँटेनाकडून शक्ती कितपत परत फिरते ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरने कमी शक्तीवर मोजणी करावी. आकडा १.५ च्या खाली आला तर उत्तम, २ पर्यंत चालतो. त्यावर गेला, तर संचाला दोष देण्याआधी शेवटचा जोडलेला कनेक्टर पुन्हा उघडून पाहावा.