सोळाव्या गटाची हायड्राइडं: या चुका टाळा

बारावीच्या पेपरांचा गठ्ठा तपासायला घेतला आणि त्यात हायड्राइडांचा प्रश्न असला, की मी आधी चहा टाकते. म्हणजे ऑक्सिजनच्या गटातल्या मूलद्रव्यांची हायड्रोजनबरोबरची संयुगं: पाणी, हायड्रोजन सल्फाइड, सेलेनाइड आणि टेल्युराइड. नावं चारच, पण गोंधळ दरवर्षी ठरलेला.

सर्वांत जास्त मार्क जातात उत्कलनांकाच्या क्रमात. पाणी ३७३ केल्विनला उकळतं, सल्फाइड २१३ ला, सेलेनाइड २३२ ला आणि टेल्युराइड २६९ ला. म्हणजे पाण्यावरून एकदम खाली घसरायचं आणि मग पायरी पायरी वर चढायचं. सल्फाइडपासूनची चढण मोठ्या होत जाणाऱ्या रेणूंमधल्या व्हॅन डर वाल्स आकर्षणामुळे. पाणी एकटं वर बसलंय ते हायड्रोजन बंधांमुळे, म्हणजे एका रेणूचा हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन यांच्यातल्या आकर्षणामुळे.

इथे हुशार मुलंही एक वाक्य ठोकून देतात: 'पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध मजबूत, म्हणून उत्कलनांक जास्त.' वाचायला छान, पण उकळताना तो बंध तुटतच नाही. तुटला असता, तर माझ्या चहाच्या पातेल्यातून वाफेऐवजी हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडले असते, तेही गॅस पेटलेला असताना! उकळताना सुटते ती एका रेणूने दुसऱ्याची धरलेली पकड.

रेणूच्या आतला बंध कामाला येतो आम्लधर्माच्या प्रश्नात, आणि तिथे नेमका तो कुणाला आठवत नाही. 'ऑक्सिजनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता) जास्त, म्हणून पाणी सर्वांत आम्लधर्मी' असं लिहून मोकळे होतात. हा तर्क आवर्तात (आवर्त सारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे जाताना चालतो, गटात खाली उतरताना नाही. बंधऊर्जा, म्हणजे बंध तोडायला लागणारी ऊर्जा, पाण्यातल्या मोलला ४६३ किलोज्यूलवरून टेल्युराइडपर्यंत २३८ वर येते, हायड्रोजन सहज सुटतो, आम्लधर्म वाढतो. त्याच कारणाने उष्णतेपुढचा टिकाऊपणा घटतो. क्षपणक गुणही (दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देण्याचा) खाली वाढतो. पाण्यात तो नाही.

आकार विचारला तर 'चतुष्फलकीय' लिहू नका. पाण्यात इलेक्ट्रॉनजोड्यांची मांडणी तशी, रेणूचा आकार मात्र वाकडा, कोन १०४.५ अंश. सल्फाइडमध्ये तो ९२ वर येतो, टेल्युराइडमध्ये जवळपास ९० वर. 'लोन पेअरचं (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनजोडीचं) प्रतिकर्षण' एवढंच लिहून हे सुटत नाही, कारण लोन पेअर चौघांतही दोनच आहेत. मध्यवर्ती अणूची विद्युतऋणता घटली की बंधातल्या जोड्या त्याच्यापासून लांब सरकतात, त्यांचं आपसातलं प्रतिकर्षण कमी होतं आणि कोन मिटतो. शिवाय पाण्याखालच्या तिघांतले बंध जवळजवळ निव्वळ पी कक्षकांचे (इलेक्ट्रॉन जिथे असतात त्या जागांचे), आणि ते कक्षक एकमेकांशी काटकोनातच असतात.

प्रयोगशाळेतला घोळ वेगळा. किपच्या उपकरणात (प्रयोगशाळेत वायू तयार करायच्या काचेच्या भांड्यात) फेरस सल्फाइडवर विरल सल्फ्युरिक आम्ल घालून हायड्रोजन सल्फाइड मिळतो, म्हणून तो वाळवायलाही तेच आम्ल, फक्त संहत, असं मुलं धरून चालतात. संहत आम्ल वायूचं ऑक्सिडीकरण करतं आणि हाती पिवळं गंधक येतं. फॉस्फरस पेंटॉक्साइड वापरा. चुनकळी नको, ती हा आम्लधर्मी वायू गिळून बसते.

आणि सडक्या अंड्याचा वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजू नका. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास काही मिनिटांतच नाक बधिर होतं. हवेपेक्षा जड असल्याने वायू खाली साचतो. मैल्याच्या टाकीत उतरणाऱ्यांचे जीव जातात त्यामागे बऱ्याचदा हाच असतो. खात्री करायची तर लेड ॲसिटेटचा ओला कागद धरा, वायू असेल तर काळा पडतो.