उसाच्या पट्ट्यात शेवाळाचे इंधन: गोबरगॅसच्या जोडीला एक हौद

शेवाळापासून डिझेल काढण्याची कल्पना आकर्षक असली, तरी हौद बांधण्यापूर्वी हिशोब करून पाहावा. 10 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर पाण्याच्या उघड्या हौदात, चौरस मीटरमागे रोज 10 ग्रॅम वाढ धरली, तर दिवसाला 300 ग्रॅम सुके शेवाळ मिळते. त्यात 20 टक्के तेल धरल्यास ते 60 ग्रॅम भरते, म्हणजे लिटरभर तेलाला पंधरवडा लागतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1978 ते 1996 या काळात यावर संशोधन केले, पण खनिज तेलाच्या दराशी बरोबरी साधली नाही. म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या ज्या शेतकऱ्याकडे गोबरगॅस आधीपासून आहे, त्याने शेवाळ त्यातच घालावे, असे माझे मत आहे. तेही 300 ग्रॅमांवर शेगडी जेमतेम पंधरा-वीस मिनिटे अधिक चालेल, एवढीच अपेक्षा ठेवून.

हौद उन्हात, पण गोठ्याजवळ असावा आणि तळाला जाड प्लॅस्टिक अंथरावे. खानापूरच्या पश्चिम भागात पावसाळ्यात ऊन नसते आणि हौद ओसंडून वाहतो, त्यामुळे तिथे जून ते सप्टेंबर काम बंद ठेवावे. अथणीकडे उलट बाष्पीभवनाने आटलेले पाणी रोज भरावे लागते.

बियाणे विकत आणण्याची गरज नाही. जवळच्या तळ्यातले हिरवे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे आणि काचेच्या बरणीत उन्हाच्या कडेला वाढवावे. त्यात बहुधा क्लोरेला, सिनेडेस्मस अशा सूक्ष्म जाती असतात. तंतुमय शेवाळ मात्र काढून टाकावे. खत म्हणून गोबरगॅसची स्लरी चांगली, पण ती काळपट असल्याने ऊन अडवते आणि तिच्यातला अमोनिया शेवाळाला बाधतो. त्यामुळे ती दोनदा गाळून किमान वीसपट पाण्यात मिसळावी आणि दिवसातून तीन-चार वेळा फळीने हौद ढवळावा, नाहीतर खालचे शेवाळ सावलीतच राहते.

एखाद्या सकाळी पाणी अचानक फिके पडले, तर पेलाभर पाणी उन्हासमोर धरून पाहावे. पांढरट ठिपके उड्या मारताना दिसले, तर ते शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव समजावेत. मग हौद रिकामा करून, घासून, वाळवून बरणीतल्या बियाण्याने पुन्हा सुरुवात करावी. याच कारणासाठी बरणी कायम राखून ठेवावी.

काढणी हा सर्वांत कटकटीचा भाग आहे, कारण लिटरभर पाण्यात शेवाळ साधारण अर्धा ते एक ग्रॅमच असते. हौदातले काही पाणी पिंपात घेऊन त्यात चुन्याची निवळी थोडीथोडी, सामू (pH) 11 च्या आसपास येईपर्यंत घालावी, हलके ढवळावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी वरचे पाणी नळीने काढून, सामू उतरल्यावर हौदात परत सोडावे आणि तळाची हिरवी लापशी शेणासोबत टाकीत घालावी. शेवाळात नत्र फार असल्याने ते एकटे कधीच घालू नये. शेण आणि बारीक केलेले उसाचे पाचट मिळून मोठा वाटा असावा. क्लोरेलाच्या पेशींचे कवच चिवट असल्याने काही भाग न कुजता स्लरीतून बाहेर पडतो, तो पिकाला खत म्हणून चालतो.

ज्यांना डिझेलच हवे आहे, त्यांनी ते घरी करू नये. सुकवलेल्या शेवाळातून हेक्झेन या द्रावकाने तेल काढून त्यावर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करावी लागते. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे आणि हेक्झेनची वाफही पेट घेते. हे काम प्रयोगशाळेचे आहे. मोठ्या प्रमाणावर करायचे झाल्यास साखर कारखान्यांच्या मद्यार्क प्रकल्पालगतची जागा योग्य, कारण एक किलो सुक्या शेवाळाला सुमारे 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड लागतो आणि आंबवण्याच्या टाक्यांतून तो जवळजवळ शुद्ध रूपात बाहेर पडतो.