गिरणीच्या गावाचा इतिहास जुन्या स्थानिक वृत्तपत्रांतून कसा काढावा

अमळनेर म्हणजे प्रताप मिल, भुसावळ म्हणजे रेल्वे. अशी समीकरणे रुळवण्यात स्थानिक साप्ताहिके-दैनिकांचा मोठा हात असतो. म्हणून गावाच्या वारशाची यादी करताना त्या वेळच्या वृत्तपत्राने काय छापले आणि काय गाळले, या दोन्हींची नोंद ठेवा.

सगळा काळ एकदम हाती घेऊ नका. गिरणी सुरू होणे, एखादा मोठा संप, गिरणी बंद पडणे अशी एकच घटना निवडून तिच्या आधीचे आणि नंतरचे सहा-सहा महिने चाळा. अंक शोधायला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळापासून आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांपासून सुरुवात करा. वृत्तपत्राच्या कचेरीतले बांधीव खंडही विचारा.

जुना वृत्तपत्री कागद आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ होतो. घडीवर तो आधी तुटतो, म्हणून पान उलटताना खालून जाड पुठ्ठा सरकवा. फाटल्या जागी सेलोटेप लावू नका; त्याचा डिंक पुढे कागदात मुरून तपकिरी डाग पाडतो. लॅमिनेशन तर नकोच. फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या आडव्या उजेडात, कॅमेरा पानाला समांतर धरून फोटो घ्या आणि फाइलला वर्ष-महिना-दिवस-पान या क्रमाने नाव द्या. आधी अंकाचे शीर्षक आणि तारीख टिपा, कात्रण नंतर. तारीख नसलेले कात्रण पुढे कोणत्याच नोंदीशी जुळवता येत नाही.

तारखांत हमखास चूक होते. शके दिलेले असेल तर 78 मिळवा. मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79. साप्ताहिकातली बातमी अंकाच्या तारखेआधीची असते. 1957 पूर्वीचे भाव रुपये-आणे-पैत असतात आणि कापसाची मुंबई खंडी 784 पौंडांची, म्हणजे सुमारे 356 किलोची. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची जुनी नावे अनुक्रमे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशी शोधा. ‘धुळें’सारखी अनुस्वारयुक्त वर्तनीही वापरून पाहा, नाहीतर संगणकी शोधात काहीच सापडणार नाही.

अग्रलेखापेक्षा जाहिराती आणि जाहीर नोटिसा आधी वाचा. जिनिंग-प्रेसिंगचे (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांचे) लिलाव, चाळीतल्या खोल्या, नोकरभरती, कापसाचे भाव हा मजकूर गावाचे चित्र अधिक प्रांजळपणे दाखवतो. गिरणीमालकाच्या सत्काराला अर्धे पान आणि संपाला चार ओळी, असे दिसले तर त्याच अंकात गिरणीची जाहिरात किती जागेत आहे ते मोजा. मालकी कोणाची, छापखाना कोणाचा, हेही बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी सापडते. साने गुरुजींनी 1938 मध्ये अमळनेरला सुरू केलेल्या ‘काँग्रेस’ साप्ताहिकासारखे चळवळीचे पत्र मिळाले तर तीच घटना तिथे कशी आली ते ताडून पाहा. संपाच्या तारखांसाठी मुंबई सरकारचे ‘लेबर गॅझेट’ (1921 पासून) उपयोगी पडते.

बदली कामगार (गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर घेतलेले), जॉबर (कामगार भरती करणारे मुकादम), गिरणीतल्या बायका यांची नावे अंकात क्वचितच येतात. ती हजेरीपटात, युनियनच्या पावत्यांत आणि घरोघरी जपलेल्या गिरणीच्या पितळी बिल्ल्यांवर शोधा, आणि वारशाच्या यादीत वृत्तपत्राबाहेरून आलेली नोंद म्हणून वेगळी खूण करा.