घरच्या रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ ड्रायव्हर कसा निवडावा आणि लेटन्सी कशी कमी करावी

संगणकावर गाणे रेकॉर्ड करताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा ऐकू येऊ लागला, की गाणाऱ्याची लय डळमळते. या उशिराला लेटन्सी म्हणतात. तिच्यावर उपाय करण्यापूर्वी दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. आपल्याला आवाज उशिरा ऐकू येतो, हा एक प्रश्न. आणि रेकॉर्ड झालेला ट्रॅक आधीच्या ट्रॅकच्या मागे पडतो, हा दुसरा. दोन्हींचे मूळ एकच असले तरी उपाय निराळे आहेत, आणि ते एकत्र धरल्यामुळेच अनेकांचा वेळ चुकीची सेटिंग बदलण्यात जातो.

मायक्रोफोनचा संकेत ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे मायक्रोफोन आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणात, अंकरूप होतो, त्याचे सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे) एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमतात, बफर भरला की रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर त्यांवर प्रक्रिया करते आणि तेच सॅम्पल दुसऱ्या बफरमधून हेडफोनकडे जातात. बफर २५६ सॅम्पलचा आणि सॅम्पल रेट (दर सेकंदाचे सॅम्पल) ४४,१०० असेल, तर एका बफरला सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात; जाण्यायेण्याचे मिळून ११.६ होतात आणि त्यात यूएसबीचा व रूपांतराचा वेळ मिळवावा लागतो. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवरच्या स्पीकरमधून ऐकण्यासारखा आहे. गिटार किंवा कीबोर्ड वाजवणारे बहुतेक जण एवढा उशीर सहज सांभाळून घेतात. गाणाऱ्याचे मात्र तसे नसते. त्याचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याच्या कानाला आधीच पोहोचलेला असतो, आणि काही मिलिसेकंद मागून येणारा तोच आवाज त्यात मिसळला की काही कंप्रता दबून आवाज पोकळ वाटू लागतो. त्यामुळे ‘आवाज पातळ येतो’ या तक्रारीचे कारण कित्येकदा मायक्रोफोनमध्ये नसून लेटन्सीत असते.

विंडोजवर एकाच उपकरणापर्यंत आवाज नेण्या-आणण्याच्या मार्गांचे सॉफ्टवेअर तीन-चार पर्याय दाखवते. त्यांपैकी एमएमई आणि डायरेक्टसाउंड हे जुने मार्ग आहेत. त्यांतून जाणारा आवाज विंडोजच्या मिक्सरमधून, म्हणजे सर्व प्रोग्रामचे आवाज एकत्र करणाऱ्या भागातून, फिरून येतो आणि वाटेत त्याचा सॅम्पल रेटही बदलला जाऊ शकतो. रेकॉर्डिंगसाठी ते वापरू नयेत. विंडोज व्हिस्टापासून आलेल्या वासापीचे दोन प्रकार आहेत: शेअर्ड मोडमध्ये आवाज त्या मिक्सरमधूनच जातो, तर एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये उपकरण पूर्णपणे एका सॉफ्टवेअरच्या ताब्यात येते आणि उशीर कमी होतो. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेला एएसआयओ हा मार्ग मुळातच रेकॉर्डिंगसाठी तयार झालेला असून तो विंडोजचा मिक्सर टाळून इंटरफेस आणि सॉफ्टवेअर यांना थेट जोडतो. तेव्हा इंटरफेसच्या उत्पादकाने स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (उपकरण संगणकाशी जोडणारा प्रोग्राम) दिला असेल, तर दुसरा विचार करण्याचे कारणच उरत नाही. तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये त्याचेच नाव निवडावे.

एएसआयओ फोर ऑल हा स्वतंत्र ड्रायव्हर नसून विंडोजच्या मूळ ड्रायव्हरवर चढवलेला थर आहे. संगणकाच्या अंगच्या साउंड कार्डवर काम करायचे असल्यास तो फार उपयोगी पडतो, पण उत्पादकाचा ड्रायव्हर उपलब्ध असताना तो घालणे मला योग्य वाटत नाही. यूएसबी मायक्रोफोन आणि लॅपटॉपचा हेडफोन जॅक असे दोन वेगळे उपकरण एकत्र वापरणेही शक्यतो टाळावे. सॅम्पलचा वेग ठरवणारे प्रत्येकाचे घड्याळ निराळे असल्यामुळे लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये ते हळूहळू एकमेकांपासून सरकतात.

मॅकवर कोअर ऑडिओ ही आवाजाची यंत्रणा प्रणालीतच असल्याने निवडीचा प्रश्न फारसा येत नाही. लिनक्सवर आल्सा ही यंत्रणा आवाजाचा पाया असून तिच्यावर जॅक किंवा पाइपवायर हे प्रोग्राम चालवतात. तेथे वापरकर्त्याला रिअलटाइम प्राधान्याची (ऑडिओचे काम इतर कामांच्या आधी चालवण्याची) परवानगी मिळालेली आहे ना, एवढे आधी तपासावे.

ड्रायव्हर ठरल्यावर बफरकडे वळावे. २५६ पासून सुरुवात करून १२८ आणि मग ६४ असे उतरत जावे आणि प्रत्येक वेळी सगळे ट्रॅक चालू ठेवून ऐकावे, कारण रिकाम्या प्रोजेक्टमध्ये स्वच्छ वाटणारा बफर भरल्या प्रोजेक्टमध्ये कट-कट आवाज करू लागतो. तसे झाल्यास एक पायरी वर यावे. पुरेसा वेगवान संगणकही कुरकुरत असेल, तर दोष बहुधा दुसऱ्याच एखाद्या ड्रायव्हरचा असतो. विंडोजवरील लेटन्सीमॉन हे साधन कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते दाखवते आणि त्यात वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्डाचे नाव पुष्कळदा वर येते. रेकॉर्डिंगपुरते वाय-फाय बंद ठेवावे, लॅपटॉप चार्जरवर चालवावा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर आणावा आणि इंटरफेस हबऐवजी थेट पोर्टला जोडावा. ब्लूटूथ हेडफोनचा स्वतःचाच उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असतो, त्यामुळे तो लावून वरचे काहीही केले तरी व्यर्थ आहे.

प्लगइनकडेही, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर लावलेल्या इफेक्टकडेही, लक्ष हवे. लुकअहेड असलेला (पुढचा आवाज आधी पाहून काम करणारा) लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्वलायझर स्वतःचा उशीर वाढवतो, म्हणून असे प्लगइन रेकॉर्डिंग संपेपर्यंत बंद ठेवावेत आणि जड ट्रॅक फ्रीझ करावेत, म्हणजे इफेक्टसह तात्पुरते तयार ऑडिओत बदलून ठेवावेत. मिक्सिंग करताना कोणी गात नसते. तेव्हा बफर खुशाल १०२४ ठेवावा.

गायनासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग इंटरफेसमधील डायरेक्ट मॉनिटरिंग हा आहे. त्यात मायक्रोफोनचा आवाज संगणकाला वळसा घालून सरळ हेडफोनमध्ये येतो. ते चालू केल्यावर सॉफ्टवेअरमधील मॉनिटरिंग बंद करावे, नाहीतर आवाज दुहेरी येतो. गायकाला रिव्हर्बशिवाय (खोलीत आवाज घुमल्यासारख्या परिणामाशिवाय) गाणे जड जात असेल, तर सॉफ्टवेअरमधून मूळ आवाज पूर्ण काढून केवळ रिव्हर्ब परत पाठवावा. रिव्हर्ब वीसेक मिलिसेकंद उशिरा आला तरी कानाला तो प्री-डिलेच (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा छोटा विलंबच) वाटतो आणि खटकत नाही.

राहिला दुसरा प्रश्न, ट्रॅक मागे पडण्याचा. सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आपोआप करते, पण ती ड्रायव्हरने कळवलेल्या आकड्यावर आधारलेली असते आणि तो आकडा प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही. म्हणून एकदा स्वतः मोजून पाहावे. इंटरफेसच्या आउटपुटमधून लाइन इनपुटला केबल जोडावी, फँटम पॉवर (मायक्रोफोनला केबलमधून मिळणारा वीजपुरवठा), डायरेक्ट मॉनिटरिंग आणि त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करावे, मेट्रोनोमच्या एका टोल्याचा ऑडिओ ट्रॅक वाजवत तो दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करावा आणि दोन्ही तरंग सॅम्पल दिसेपर्यंत मोठे करून त्यांच्यातील अंतर पाहावे. ४८,००० च्या रेटवर नवा टोला ९६ सॅम्पल मागे असेल, तर तो २ मिलिसेकंदांचा फरक आहे. तेवढा आकडा रेकॉर्डिंग ऑफसेटच्या सेटिंगमध्ये भरून हीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि दोन्ही टोले एकाखाली एक येतात का ते पाहावे. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ही भरपाई मुळात उणे १३० मिलिसेकंद धरलेली असते. तो केवळ सर्वसाधारण अंदाज असल्याने तेथे ही चाचणी करणे अधिकच आवश्यक आहे, आणि ड्रायव्हर किंवा बफर बदलल्यावर ती नव्याने करावी.